पैसे अँटेनात घाला : ऑफ-रोड गाडीसाठी वायरलेस सेट निवडणं आणि बसवणं

जुलैत साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं की धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनासे होतात. अशाच एका सकाळी आम्ही चार गाड्या बामणोलीकडं निघालो होतो. तिसरी पंक्चर झाली, चौथी तिच्यामागं थांबली. पहिल्या दोन गाड्यांना पत्ताच नाही. त्यांतली मंडळी शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला पोहोचून चहा सांगून बसलेली. फोन लागेना. पाऊण तासानं एकजण उलटा घाट चढून शोधायला आला आणि आल्याआल्या आमच्यावरच तापला. त्याच आठवड्यात वायरलेसचा विषय निघाला. पुढचं वर्षभर मी त्यात बरेच हात पोळून घेतले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेट किती भारी आहे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते हा वाद बिनकामाचा आहे. आवाज किती लांब जाणार हे ठरवते अँटेना, तिला मिळालेली अर्थ (म्हणजे गाडीच्या पत्र्याशी पक्की विजेची जोडणी) आणि बॅटरीपासून आलेली वायर. मी खर्च नेमका उलट्या क्रमानं केला. चांगला सेट घेतला, मधली अँटेना घेतली आणि वायर घरात पडली होती तीच लावली.

आधी परवान्याचं बघा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. आपल्याकडं वायरलेस सेट नुसता बाळगायलाही परवाना लागतो. १९३३च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनची ही रीत आहे. आता २०२३चा दूरसंचार कायदा आला, तरी मूळ सूत्र बदललेलं नाही. हौशी माणसाला यातून तीन वाटा उरतात.

पहिली वाट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची. २०१८च्या नियमांनी या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या हातात धरायच्या सेटना परवान्यातून सूट मिळाली. ताकद साधारण अर्धा वॅट, अँटेना सेटलाच कायमची जोडलेली.

दुसरी वाट सीबीची, म्हणजे सिटिझन बँडची. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ताकद जास्तीत जास्त ५ वॅट. ही सूट २००५च्या नियमांतली आहे. इथं एक गोम लक्षात ठेवा. परदेशी सीबी सेटवर ४० चॅनेल असतात, पण आपल्या पट्ट्यात त्यातली पहिली २७च बसतात. सत्ताविसावं चॅनेल २७.२७५ वर आहे आणि अठ्ठाविसावं २७.२८५ वर, म्हणजे हद्दीच्या जरा पलीकडं. शिवाय काही सेटवर सिंगल साइडबँड, म्हणजे आवाज पाठवायची एक वेगळी पद्धत, असते आणि त्यात ताकद १२ वॅटपर्यंत जाते. ती आपल्या मर्यादेत येत नाही.

तिसरी वाट हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची. परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉलसाइन (हवेतलं आपलं ओळखनाव) घ्यायचं. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरलसंचार पोर्टलवर करता येतो. वयाची बारा वर्षं पूर्ण लागतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोड लागत नाही, त्यामुळं अभ्यासाचा बाऊ करू नका. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलता येतं. मात्र तुमच्याकडं परवाना असून भागत नाही, समोरच्या गाडीतल्या माणसाकडंही हवा. गाडीत सेट लावण्याआधी परवान्यावरच्या अटी नीट वाचून घ्या. धंद्यासाठी किंवा सांकेतिक भाषेत बोलायला हॅमवर बंदी आहे.

पहिल्या दोन वाटांवर सेटला ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल आहे का, हे विक्रेत्याला विचारा. ऑनलाइन सहज मिळणारे स्वस्त सेट बऱ्याचदा वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, पोलिसांच्याही. अशा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘आमच्या ग्रुपमध्ये सगळे तेच वापरतात’ हे उत्तर पोलिसांपुढं टिकत नाही.

तुम्हाला नक्की कुठला हवा

तीन-चार गाड्या, एकमेकींपासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आत, महिन्यातनं एखादी फेरी. एवढंच असेल तर ४४६चे हातातले सेट घ्या आणि पुढचा लेख वाचू नका. बसवायची कटकट नाही. गाडीचा पत्रा आवाज अडवतो, म्हणून सेट काचेजवळ धरायचा आणि चार्जर विसरायचा नाही, एवढंच. त्यावरच्या ‘प्रायव्हसी कोड’ला मात्र फसू नका. त्या कोडनं दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं बोलणं मात्र कुणालाही ऐकू जातं.

गाड्या जास्त असतील, अंतर वाढणार असेल किंवा एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्यानं गिअर सांभाळताना हातातला सेट जमत नसेल, तर सीबी. बोलायचा माईक वायरला लटकलेला असतो, सेट डॅशबोर्डला घट्ट असतो, करंट गाडीचाच. मी हाच लावलाय.

सह्याद्रीत सीबीचा एक फायदा आहे. सपाट माळावर दोन मीटर उंचीच्या दोन अँटेनांमधलं रेडिओचं क्षितिज गणितानं साडेअकरा किलोमीटरच्या आसपास येतं. पण आपल्याकडं सपाट माळ आहे कुठं? मेढ्याकडून केळघर घाट चढा नाहीतर हेळवाकवरून कुंभार्लीकडं जा, प्रत्येक वळणाला डोंगराचा खांदा आडवा येतो. लहान फ्रिक्वेन्सीची लाट लांबलचक असते. २७ मेगाहर्ट्झला ती अकरा मीटरची आहे आणि धारेवरून थोडी तरी वाकून पलीकडं उतरते. ४४६ची लाट पाऊण मीटरचीही नाही. ती डोंगराआड गेली की संपली, ओल्या झाडीतही लवकर मरते.

तोटाही सांगतो. सीबीवर खरखर फार असते. इंजिनाची, विजेच्या तारांची, शेजारच्या एलईडी बारची. आणि सूर्य सक्रिय असलेल्या काळात भर दुपारी २७ मेगाहर्ट्झच्या लाटा वरच्या वातावरणातून परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. एकदा चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली गाडी लावून जेवत होतो आणि सेटवर कुठल्याशा अनोळखी भाषेत कुणीतरी तावातावानं भांडत होतं. शेजारची बोलेरो मात्र धड ऐकू येईना.

करंट : थेट बॅटरीवरून

सेट आणल्यावर वायरमन म्हणाला, “दादा, सिगारेट लायटरला जोडू की. दोन मिनिटांचं काम हाय.” मी मान डोलावली. परिणाम असा की ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईंऽऽ असा बारीक आवाज चढत जायचा आणि दगडावर गाडी आदळली की सेट बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. कुईं अल्टरनेटरचं होतं. बंद-चालूचं कारण लायटरच्या सॉकेटमधली सैल स्प्रिंग.

योग्य पद्धत अशी. पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्या. टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज लावा, सेटजवळ नाही. बॅटरी आणि फ्यूजच्या मधे कुठं वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज वाचवू शकत नाही आणि तो तुकडा तापून पेटतो. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. सीबी सेट बोलताना दीड-दोन अँपिअर खेचतो, त्याला कंपनीनं सांगितलेला लहान फ्यूज पुरतो. हॅमचा ५० वॅटचा सेट दहा-बारा अँपिअर खेचतो, त्याला १५चा फ्यूज. ‘उडतोय म्हणून मोठा टाकला’ हे गॅरेजमधलं लाडकं वाक्य इथं चालणार नाही.

निगेटिव्ह वायर बॅटरीच्या टर्मिनलवर न जोडता, बॅटरीची अर्थची पट्टी बॉडीला जिथं बोल्ट केलेली असते तिथं जोडा. नव्या गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घालून जोडणी केली तर त्याचा हिशेब चुकतो.

वायर किती जाड? सीबीला अडीच एमएम (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर) भरपूर झाली. ५० वॅटच्या सेटसाठी थोडं गणित करा. बॅटरीपासून सेटपर्यंत तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा. एक एमएमच्या वायरीत दहा अँपिअरला जवळजवळ १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अडीचमध्ये साधारण ०.४५, चारमध्ये ०.३. सेटला १३.८ व्होल्ट अपेक्षित असतात, त्यातला एक व्होल्ट वायरनंच खाल्ला तर आवाज फाटायला लागतो.

इंजिनाकडून केबिनमध्ये वायर आणताना नवीन भोक पाडायच्या आधी जुनं ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेलं रबरी कडं, शोधा. क्लच किंवा स्पीडोमीटरची केबल येते तिथं बहुतेक वेळा जागा सापडते. भोक पाडावंच लागलं तर काठ घासून गुळगुळीत करा, रंग लावा आणि ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्याच्या काठावर वायर सहा महिने टिकत नाही. टोकांना थिंबल (बोल्टला अडकवायचं धातूचं टोक) चांगल्या क्रिम्पिंग पकडीनं दाबा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर खडबडीत रस्त्यावर हमखास सैल होते.

सेट आणि माईकची जागा

इथं फार डोकं खायची गरज नाही. एअरबॅग उघडेल त्या वाटेत काही नको, गिअरला आणि गुडघ्याला लागायला नको, आणि नदीनाल्यात गाडी घालणार असाल तर पायाच्या पट्टीजवळही नको. माझ्या जिप्सीत सेट डॅशबोर्डच्या खाली मधोमध आहे आणि माईकचं हूक डाव्या हाताला. स्पीकर सेटच्या पोटाखाली असेल तर कार्पेट आवाज गिळतं. एक छोटा बाहेरचा स्पीकर कानाच्या उंचीला लावला की फरक कळतो.

अँटेना : खरं काम इथंच आहे

गाडीवरची अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. उभ्या दांडीला खाली धातूचा मोठा पसारा लागतो, तरच लाट बाहेर पडते. हे एकदा डोक्यात बसलं की जागा निवडणं सोपं होतं. सगळ्यांत उत्तम जागा लोखंडी छताच्या मधोमध. बोलेरो किंवा जिम्नी असेल तर सुरुवातीला चुंबकाची अँटेना ठेवून बघा, भोक पाडायची घाई नको. छत कशाचं आहे याची खात्री नसेल तर फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा. चिकटलं नाही तर छत लोखंडी नाही, आणि फायबरचं असेल तर तिथं अँटेना लावून उपयोग नाही. सॉफ्ट-टॉपच्या, म्हणजे कापडी छताच्या, जिप्सीला किंवा थारला तर प्रश्नच मिटला. बॉनेटच्या कडेला, मडगार्डवर किंवा मागं स्पेअर व्हीलच्या ब्रॅकेटवर, एवढ्याच जागा उरतात.

लांबीचं गणित लाटेच्या चौथ्या भागाचं. १४५ मेगाहर्ट्झला अर्धा मीटर, म्हणून हॅमची अँटेना छतावर सुटसुटीत बसते. सीबीला मात्र पावणेतीन मीटर! एवढी दांडी घेऊन घाटातल्या झाडांखालून जाणं शक्य नाही. म्हणून बुडाशी तारेचं वेटोळं घातलेली मीटर-दीड मीटरची अँटेना वापरतात. त्याहून बुटकी दिसायला छान, पण कामाला कमी. लवचीक दांडी घ्या आणि वर वाकवून बांधायला दोरी ठेवा. गावातल्या खाली लोंबलेल्या विजेच्या तारा विसरू नका.

आता माझी फजिती. मी अँटेना मागच्या बाजूला लोखंडी कॅरियरवर बसवली. ब्रॅकेट नवंकोरं, काळं पावडर कोटिंग, बोल्ट चांगला ताणून आवळलेला. माईक दाबला तर पन्नास पावलांवरचा मित्रही म्हणे, “काय बोलतोयस ते कळंना.” अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावला, काटा तीनच्या पलीकडं, म्हणजे फारच वाईट. दोन दिवस मी अँटेनाच खराब आहे असं धरून चाललो. शेवटी मल्टीमीटर कंटिन्युटीवर ठेवला, म्हणजे जोडणी असेल तर तो बीप करतो. एक टोक ब्रॅकेटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप नाही. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकच. ब्रॅकेट आणि कॅरियरच्या मधे एक थर, कॅरियर आणि बॉडीच्या मधे दुसरा. अँटेना अक्षरशः हवेत लटकली होती.

बोल्ट सोडले. ब्रॅकेट बसतं तेवढ्याच गोलावर पॉलिश पेपर फिरवला. काळा थर गेला, त्याखालचा राखाडी प्रायमर गेला आणि चांदीसारखा पत्रा उघडा पडला. कॅरियरच्या पायांशीही तेच केलं. मधे दातेरी वॉशर घातले म्हणजे आवळताना दात पत्र्यात रुततात. कॅरियर ते चासी अशी तांब्याच्या विणलेल्या पट्टीची जोडणी वेगळी केली. पुन्हा मल्टीमीटर लावला आणि तो बीप झाला. वर्षभरात यापेक्षा गोड आवाज मी ऐकला नाही. बाहेरून ग्रीस फासून जागा बंद केली, नाहीतर आपल्या पावसात महिन्यात गंज धरतो.

हीच गत दार आणि बॉनेटची. बिजागऱ्यांमधून अर्थ नीट जात नाही, तिथं ग्रीस आणि रंग असतो. स्पेअर व्हीलच्या दारावर किंवा बॉनेटवर अँटेना लावली तर दार ते बॉडी अशी विणलेली पट्टी लावाच.

केबल

सेट ते अँटेना ५० ओहमची केबल लागते, सहसा आरजी-५८. आमच्यातल्या एकानं केबल टीव्हीवाल्याकडची उरलेली वायर फुकट मिळाली म्हणून लावली. ती ७५ ओहमची असते, दिसायला तशीच काळी. फुकटची ती वायर बदलायला पुन्हा अर्धा दिवस गेला. योग्य केबल, पीएल-२५९ कनेक्टर आणि एसडब्ल्यूआर मीटर साताऱ्यात सहज मिळत नाहीत. पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला विचारा. केबल दाराच्या फटीत चेपू देऊ नका, काटकोनात वळवू नका. आत शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळून आत न येता तिथंच गळून जातं.

एसडब्ल्यूआर बघितल्याशिवाय बोलू नका

सेटनं दिलेल्या ताकदीतली किती अँटेनाकडून परत येते, ते हा मीटर सांगतो. १.५ म्हणजे चार टक्के परत, दोन म्हणजे अकरा, तीन म्हणजे पंचवीस. परत आलेली ताकद सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. म्हणूनच अँटेना न लावता माईक कधीही दाबायचा नाही, ‘नुसतं बघायला’ सुद्धा नाही.

गाडी मोकळ्या जागी लावा. भिंत, झाड, दुसरी गाडी, कुणी जवळ नको. दारं आणि बॉनेट बंद. मीटर सेट आणि अँटेनाच्या केबलच्या मधे जोडा. सीबीवर चॅनेल १ वर मोजा, मग १४ वर, मग २७ वर, आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. २७ वर जास्त आणि १ वर कमी असेल तर अँटेना लांब झाली आहे, टोकाचा स्क्रू सोडून दांडी थोडी आत ढकला. उलट असेल तर बाहेर काढा. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, अधिक नाही. कापायची वेळ आली तर दहा वेळा विचार करा, कापलेली दांडी पुन्हा वाढत नाही. तिन्हीकडं १.५च्या आत आलं तर उत्तम, दोनच्या आत चालेल. तिन्ही चॅनेलवर सारखाच तीनच्या वर आकडा आला तर लांबीशी खेळत बसू नका. अर्थ किंवा कनेक्टरमध्ये दोष आहे, परत मल्टीमीटर काढा.

खरखर शोधणं

इंजिन बंद करून ऐका. मग चावी ऑन, मग इंजिन, मग एकेक दिवा, वायपर, पंखा. कशावर खरखर वाढते ते कळतं. आमच्या गाड्यांत निम्म्या वेळा गुन्हेगार स्वस्तातला एलईडी बार किंवा यूएसबी चार्जर निघाला. त्याच्या वायरीवर फेराइटची (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी घाला किंवा चार्जर बदला. स्क्वेल्चचं, म्हणजे बारीक आवाज अडवायचं, बटण खरखर थांबेल तिथपर्यंतच फिरवा. त्यापुढं नेलं की लांबच्या गाडीचा बारीक आवाजही अडतो आणि तुम्हाला वाटतं ती बोलतच नाही.

घाटात तपासून बघा

अंगणात सगळं छान चालतं. खरी परीक्षा डोंगरात. आम्ही एक गाडी कास तलावाजवळ रस्त्याकडेला उभी केली आणि दुसरी बामणोलीकडं उतरवली. दर किलोमीटरला फक्त आकडा बोलायचा, वरच्यानं वहीत लिहायचा. हातातला ४४६चा सेट पहिल्या काही वळणांतच गप्प झाला. सीबी खरखरत का होईना, बराच पुढं ऐकू येत राहिला, पण एका ठिकाणी पूर्ण बंद झाला आणि पुढच्या वळणाला परत आला. असे मुके पट्टे आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर नोंदवून ठेवा. तिथं पोहोचण्याआधीच मागच्यांची चौकशी करायची. आणि कृपा करून ही चाचणी रस्त्यावरच करा. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि पलीकडं व्याघ्र प्रकल्पाची हद्द आहे. तिथं गाडी घालणाऱ्यांमुळं आपल्या सगळ्यांवर बंदी येते.

बोलायची शिस्त थोडक्यात. माईक दाबून एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. पुढची गाडी काय दिसतंय ते सांगते : “समोरून एसटी येतीय, डावीकडं जागा धरा.” शेवटची गाडी दर वळणाला फक्त “शेवटची आली” एवढं म्हणते. मधल्यांनी शक्यतो गप्प राहायचं, हे सगळ्यांत अवघड. पेट्रोल भरताना सेट बंद. आणि अपघात झाला तर ११२ला फोनच करायचा आहे. सीबीच्या चॅनेलवर मदतीला कुणी बसलेलं नसतं. फोनला रेंज असलेल्या जागेपर्यंत निरोप पोहोचवायला मात्र सेट कामी येतो.

बाहेरचे कनेक्टर रबर टेपनं ताणून गुंडाळा आणि वरून साधी टेप. पहिल्या वर्षी मी नुसती साधी टेप मारली होती. दिवाळीत उघडून बघितलं तर आतलं तांबं मोरचुदासारखं हिरवं झालेलं आणि केबलच्या जाळीत दीड वीत पाणी चढलेलं. तेवढी केबल कापून टाकावी लागली. आता दर वर्षी बेंदराच्या आधीच्या रविवारी सगळे कनेक्टर उघडतो, पुसतो, मल्टीमीटर लावून बीप ऐकतो आणि नव्यानं टेप गुंडाळतो.